रिपोर्टात एच. पायलोरी आला, आता काय करायचं?

पोरगं पुण्यात नोकरीला असतं. हल्ली ते आई-बापाला दिवाळीला कपड्यांऐवजी ‘फुल बॉडी चेकअप’ पाठवतं. एक मुलगा बॅग घेऊन घरी येतो, रक्त काढून नेतो आणि व्हॉट्सॲपवर भलामोठा रिपोर्ट येऊन पडतो. त्यात एक ओळ लाल असते: एच. पायलोरी आयजीजी, पॉझिटिव्ह. मग अण्णा मोबाइल घेऊन माझ्या काउंटरवर. “ताई, पोटात किडा निघालाय म्हणं. पोरगा म्हणतोय कॅन्सर हुतो त्यानं. गोळी द्या की.”

माझं मेडिकल सोलापूरच्या साखर पेठेत. लूमवरचे अण्णा, विड्या वळणाऱ्या अक्का, चाटी गल्लीतले शेठ, सगळेच येतात. त्या लाल ओळीवर मी कुणालाच गोळी देत नाही, आणि दुसरा कुणी देत असेल तर घेऊ नका. हा जंतू विनाकारण शोधत बसू नये, आणि मारायचा ठरला तर अर्धवट मारू नये, एवढंच माझं म्हणणं. पण काउंटरवर मागं दहा माणसं उभी असताना ते नीट समजावता येत नाही, म्हणून इथं लिहिते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. औषध ठरवायचं काम डॉक्टरांचं. डॉक्टरांकडं जायच्या आधी आणि तिथून आल्यावर काय करायचं, ते मी सांगते.

आधी बघा, टेस्ट कुठली होती

आयजीजी ही रक्तातल्या अँटिबॉडीची, म्हणजे जंतूशी लढायला शरीरानं बनवलेल्या प्रथिनांची टेस्ट. जुन्या लग्नपत्रिकेसारखी आहे ती: लग्न झालं होतं एवढं कळतं, संसार अजून चालू आहे का ते कळत नाही. जंतू कधीचा निघून गेला असला तरी ती पुढं बराच काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून तिच्यावर अँटिबायोटिक सुरू करायचं नसतं, आणि औषधानंतर ‘गेला का’ बघायलाही ती चालत नाही.

शिवाय पॉझिटिव्ह येण्यात नवल काय? भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा असतो. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. लागण झालेल्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांना कधीतरी अल्सर होतो, आणि जठराचा कॅन्सर साधारण एक ते तीन जणांना. तेही जगभरचा हिशेब धरून. आपल्याकडे जंतू एवढा पसरलेला असून जठराचा कॅन्सर त्या मानानं कमीच आढळतो, मिझोरामसारखा ईशान्येचा भाग सोडला तर. हे असं का, याचं डॉक्टर लोकांनाही कोडं आहे.

हा आहे तरी कोण

पूर्ण नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. मळसूत्रासारखा पिळदार, शेपट्या हलवत जठराच्या चिकट अस्तरात घुसणारा. जठरातलं आम्ल इतकं कडक की तिथं जंतू टिकूच शकत नाही, असं डॉक्टर मानायचे. पण याच्याकडं युरिएज नावाचं एन्झाइम आहे. त्यानं तो युरियाचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतो. अमोनियामुळं त्याच्या भोवतीचं आम्ल मवाळ होतं आणि हा बिनघोर राहतो. हा युरिएज ध्यानात ठेवा, पुढं टेस्टमध्ये त्याचंच काम आहे.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत हे वाकडे जंतू दिसत होते. पुढं बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना मिळाले. जंतू बशीत वाढवायचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी फेकून द्यायची पद्धत. १९८२ मध्ये ईस्टरची सुट्टी आली, बशा तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. तरी लोक ऐकेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी जंतूंचा घोट स्वतःच घेतला. थोड्याच दिवसांत ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि दुर्बीण घातली तर जठराला सूज. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

त्याआधी अल्सर म्हणजे टेन्शन आणि तिखट, असंच सगळे धरून चालत. आपल्या सोलापुरात अजून तसंच चालतं. पोट दुखलं की दोष शेंगाचटणीला. चटणी असलेल्या जखमेवर झोंबेल, जळजळ वाढवेल, पण जखम ती करत नाही. जखम करतात मुख्यतः दोघं: एक हा जंतू आणि दुसरी दुखण्याची गोळी. दोघं एकाच पोटात आले तर धोका कैक पटीनं वाढतो.

इथं मला जरा थांबू द्या, कारण आमच्या पेठेत खरी गोम हीच आहे. दिवसभर मांडी घालून, मान वाकवून विड्या वळल्या की मान-पाठ धरते. लूमवर पाळीभर उभं राहिलं की गुडघे बोलतात. मग डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक, ‘तीच लाल पट्टीवाली’, रोज एक, वर्षानुवर्षं, तीही चहावर. पोटात जळजळ सुरू झाली की वरून पँटोप्राझोल. दोन्ही गोळ्या चालू, दोन्ही चिठ्ठीशिवाय. अशा माणसानं एच. पायलोरीची टेस्ट जरूर करावी. आणि डॉक्टरांना दुखण्याची गोळी किती, किती वर्षं घेतो ते खरं सांगावं. अक्का लोक हे लपवतात. डॉक्टर रागावतील म्हणून.

मारायचा की राहू द्यायचा

हा नुसता खलनायक असता तर लिहायचं काम सोपं होतं.

वाईट बाजू पक्की आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९४ मध्येच याला माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. जंतू काढला की अल्सर परत परत होत नाही. चीनमध्ये केलेल्या चाचण्यांत जंतू काढलेल्या लोकांमध्ये जठराचा कॅन्सर कमी झालेला दिसला. लिम्फोमा नावाचा जठराचा एक वेगळा कॅन्सर तर सुरुवातीला असेल तर नुसता जंतू मारूनही पुष्कळदा विरतो.

पण हा आपल्या पोटात हजारो वर्षांपासून आहे. आफ्रिकेतून माणूस बाहेर पडला तेव्हाही तो बरोबर होता. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला तो ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, ओट्झी, त्याच्या पोटातही हाच निघाला. आणि गंमत म्हणजे ती जात आजच्या युरोपातल्यापेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातल्या जातीशी, म्हणजे आपल्याकडच्या जातीशी, जास्त जुळणारी. इतका जुना सोबती नुसता त्रासच देत असेल का, असा प्रश्न मार्टिन ब्लेझरसारख्या शास्त्रज्ञांनी विचारला. जिथं जिथं हा कमी झाला, तिथं घशाशी येणारं आम्ल, त्यानं अन्ननलिकेत होणारे बदल आणि अन्ननलिकेच्या खालच्या भागाचा एक कॅन्सर वाढलेला दिसतो. काही पाहण्यांत जंतू असलेल्या मुलांना दमा कमी आढळला. उंदरांच्या पिलांना लहानपणीच हा जंतू दिला तर त्यांना दम्यापासून संरक्षण मिळालं, कारण तो शरीराच्या संरक्षण यंत्रणेला थोडं आवरायला शिकवतो. माणसात मात्र हा फायदा सिद्ध झालेला नाही. दोन गोष्टी एकत्र दिसतात, एवढंच. कॅन्सरचा पुरावा वजनदार, फायद्याचा हलका.

एकच जंतू दोन तऱ्हांनी कसा वागतो, तेही कळण्यासारखं आहे. जठराच्या खालच्या तोंडाशी त्यानं सूज केली तर आम्ल वाढतं आणि पुढच्या आतड्यात, ड्युओडिनममध्ये, अल्सर होतो. वरच्या मोठ्या भागात सूज पसरली तर आम्ल करणाऱ्या पेशीच झिजतात, आम्ल घटतं. मग आंबट ढेकर कमी, पण कॅन्सरचा धोका मात्र याच वाटेनं. जंतूची जातही बघावी लागते: ‘कॅग-ए’ जीन असलेला जास्त दांडगा.

हे वाचून ‘मग राहू दे की’ म्हणू नका. योग्य टेस्टमध्ये मोठ्या माणसाला जंतू आहे असं नक्की ठरलं, तर बहुतेक डॉक्टर उपचारच सांगतात, आणि ते बरोबर आहे. जो वाद आहे तो शोधत जायचं का, याचा. तब्येत ठणठणीत, घरात कुणाला जठराचा कॅन्सर नाही, तर पॅकेजमध्ये फुकट मिळाली म्हणून टेस्ट करून घेऊ नका. लहान मुलांच्या बाबतीत तर मुलांचे डॉक्टरही नुसत्या पोटदुखीसाठी हा जंतू शोधू नका म्हणतात. नातवंडाला आपल्या गोळ्यांतली अर्धी देणारे आजोबा मी पाहिलेत. तसलं अजिबात नको.

टेस्ट कुणी करावी? अल्सर आहे किंवा पूर्वी होता. जेवल्यावर वरच्या पोटात कायम दुखतं, जड वाटतं. दुखण्याची गोळी किंवा ॲस्पिरिन दीर्घकाळ चालू आहे, किंवा सुरू होणार आहे. आई-वडील, भावंडांत जठराचा कॅन्सर. आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, कारण सापडत नाही, ही शेवटची गोष्ट बायकांनी विशेष लक्षात ठेवावी. रक्त कमी म्हणून महिनोन्महिने लोहाची गोळी नेणाऱ्या कितीतरी जणी येतात, पोटाबद्दल त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शी, गिळायला अडचण, कारण नसताना वजन घटणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणं, यातलं काही असेल तर टेस्टचा विचार करत बसू नका. सरळ सिव्हिलला किंवा पोटाच्या डॉक्टरांकडं जा. तिथं दुर्बीण लागते.

टेस्टची तयारी

आत्ता जंतू आहे का हे सांगणाऱ्या टेस्ट तीन. श्वासाची, शौचाची, आणि दुर्बिणीतून तुकडा घेऊन करायची. श्वासाच्या टेस्टला खास कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. जंतू असला की त्याचा युरिएज तो युरिया फोडतो आणि तो कार्बन तुमच्या श्वासात येतो. पिशवीत फुंकायचं, झालं. शौचाची टेस्ट त्याहून सोपी. डबी भरून द्यायची, पण ‘स्टूल अँटिजेन’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर लॅबवाला साधी तपासणी करून मोकळा होतो.

टेस्ट फसते ती तयारी चुकल्यानं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल यातली कुठलीही गोळी टेस्टच्या आधी दोन आठवडे बंद हवी. अँटिबायोटिक आणि बिस्मथ हे पोटाचं औषध चार आठवडे. ही औषधं एकेकटी जंतूला पुरती मारत नाहीत, पण दाबून ठेवतात, आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. ‘मी ॲसिडिटीची गोळी घेत नाही’ म्हणणारे निम्मे लोक ती ‘गॅसची गोळी’ म्हणून घेत असतात, म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा किंवा मला दाखवा. मधल्या दोन आठवड्यांत जळजळलं तर पातळ अँटासिड चालतं, टेस्टच्या दिवशी तेही नाही. मात्र ॲस्पिरिनबरोबर किंवा अल्सरमधून रक्त गेल्यामुळं डॉक्टरांनी ती गोळी दिली असेल, तर स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आधी विचारा.

श्वासाच्या टेस्टला रात्री जेवून सकाळी उपाशी जा. चहा नाही, विडी नाही, मिसरीही नाही.

चौदा दिवस

हल्ली बहुतेकदा चार औषधं मिळून चौदा दिवस देतात: आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. डॉक्टर दुसरी जोडीही देऊ शकतात. पूर्वी सात दिवसांचं तयार किट सर्रास खपायचं. आता ते डोळे झाकून घ्यायचे दिवस राहिले नाहीत, कारण जंतू त्या औषधांना सरावलाय. आपणच सरावून दिलाय. जुलाब लागले की मेट्रोनिडाझोल, सर्दी झाली की अझिथ्रोमायसिन. अझिथ्रोला सरावलेला जंतू क्लॅरिथ्रोमायसिनलाही दाद देत नाही, ती एकाच घराण्यातली औषधं. म्हणून डॉक्टरांकडं जाताना गेल्या काही वर्षांत कुठली अँटिबायोटिकं खाल्लीत ते आठवून लिहून न्या. पेनिसिलिनची ॲलर्जी, गरोदरपण, अंगावर पाजणं, रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, हेही त्यात लिहा.

कोर्स कधी सुरू करायचा, हे ठरवायला कॅलेंडर काढा. रमजानचे रोजे, नवरात्राचे उपास, कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचं, घरातलं लग्न, यातलं काही चौदा दिवसांत येत असेल तर डॉक्टरांना विचारून पुढं ढकला. घाई सहसा नसते. भर मे महिनाही टाळता आला तर बरा: टेट्रासायक्लिननं कातडी उन्हाला हळवी होते, आणि सोलापूरचं ४३-४४ अंशांचं ऊन तुम्हाला माहीत आहे. टाळता आला नाही तर डोक्याला रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचं.

टेट्रासायक्लिनची साधी कॅप्सूल आता प्रत्येक दुकानात नसते. चौदा दिवसांचं सगळं औषध हातात आल्याशिवाय पहिला डोस घेऊ नका. चार दिवसांचं नेऊन ‘बघू, सोसलं तर पुढचं नेतो’ म्हणणाऱ्याला मी विकत नाही. आणि दुकानदार ‘तेच आहे’ म्हणत त्याऐवजी डॉक्सीसायक्लिन देत असेल तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका. या कामाला ती तेवढी चालत नाही.

रोज डझनभर किंवा त्याहून जास्त गोळ्या होतात. वहीच्या पानावर चार रकाने आखा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. घेतली की फुली. आम्लाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, बाकीचं चिठ्ठीवर असेल तसं. रातपाळीवाल्यांनी घड्याळ नको, आपलं जेवण धरावं, आणि तसं डॉक्टरांकडून लिहून आणावं. टेट्रासायक्लिन ग्लासभर पाण्याबरोबर बसून घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, ती अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते. तिच्या मागंपुढं दोन तास दूध, दही, लोहाची गोळी, अँटासिड नको. दही दुपारच्या मधल्या वेळेत खा, चांगलंच आहे. या औषधांनी आतड्यातले चांगले जंतूही मरतात, जुलाब होऊ शकतात.

तोंड कडू, तांब्याची चव आल्यासारखं होईल. भाकरी गोड लागणार नाही. बिस्मथनं जीभ आणि शी काळी होते, त्याला भ्यायचं नाही. पण शी डांबरासारखी चिकट, घाण वासाची, आणि उठल्यावर चक्कर, असं असेल तर ते बिस्मथ नव्हे, रक्त आहे. लगेच दवाखाना. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस शिंदी, देशी, बिअर, काहीच नाही. ओकाऱ्या, धडधड, तोंड लाल, असा तमाशा होऊ शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत औषध कमी लागू पडतं. चौदा दिवस तरी सोडा. दुखण्याच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

लोक सोडतात ते चौथ्या-पाचव्या दिवशी. जळजळ थांबलेली असते, तोंड कडू झालेलं असतं. त्या वेळी जे जंतू उरतात ते औषध सोसलेले असतात, आणि पुढच्या वेळी तेच औषध त्यांना चालत नाही. सोसतच नसेल तर गोळी बंद करण्याआधी फोन करा. मळमळीवर उपाय असतो.

घरातल्यांचं ताट-वाटी वेगळं करायची गरज नाही. हा बहुतेक वेळा लहानपणीच, घरातूनच येतो. मोठ्या माणसाला परत लागण तितकीशी होत नाही. बाळाला घास चावून भरवणं मात्र आज्यांनी सोडावं. पाण्यातूनही हा पसरत असावा असा संशय आहे, आणि आपल्याकडं नळाला चार-चार दिवसांनी पाणी. बॅरलमध्ये हात बुडवून तांब्या भरू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, प्यायचं उकळा.

गेला का, ते बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. त्रास थांबला म्हणजे जंतू गेला असं नसतं. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची टेस्ट पुन्हा करायची. रक्ताची नाही. खर्च होतो, मान्य. पण अल्सर होऊन गेलेल्यानं तरी हा खर्च वाचवू नये.

निगेटिव्ह आली तर विषय संपला. काहींना नंतर आंबट ढेकर सुरू होतात, ते डॉक्टरांना सांगा. पॉझिटिव्ह आली तर तोच कोर्स परत मागायला माझ्याकडं येऊ नका. दुसऱ्या खेपेला औषधांची जोडी बदलावी लागते, एकदा वापरलेलं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन परत देत नाहीत. डॉक्टरांकडं जाताना पहिल्या कोर्सची चिठ्ठी आणि रिकामी पाकिटं पिशवीत टाकून न्या. काय वगळायचं ते त्यांना त्यावरूनच कळतं.